गाठ मारलेली काचेची तार

नंदुरबारहून निघालेली गाडी सुरतेजवळच्या उधन्याला थांबली, तेव्हा सकाळीच ऊन तापले होते. पुतणी मनीषा फलाटावर उभी होती. पण तिचे लक्ष माझ्यापेक्षा हातातल्या फोनकडे अधिक. भेस्तानमध्ये ती घरोघर इंटरनेट पुरवते. त्या दिवशी सुरतेत इंटरनेट पुरवठादारांचा वार्षिक पुरस्कार समारंभ होता आणि तक्रार निवारणाच्या पुरस्कारासाठी उरलेल्या दोघांत तिचे नाव होते. तो मिळाल्यास जवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार तिच्याकडून जोडण्या घेणार होते. न मिळाल्यास गल्लीतला धंदा गल्लीतच राहणार होता.

"काका, आधी लोचो खाऊ. सभागृहात काही मिळेल न मिळेल."

लोचो (वाटलेल्या हरभराडाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) तेल आणि शेव घालून समोर आला. तिने दोन घास घेतले, तोच फोनच्या पडद्यावर लाल खूण उमटली. वामनदादांच्या गल्लीतील इंटरनेट बंद पडले होते.

तिचा चेहरा का उतरला, ते सांगायला हवे. परीक्षक दुपारी सभागृहातून एका ग्राहकाला व्हिडिओ कॉल करून प्रश्न विचारणार होते, आणि त्यांनी निवडलेले ग्राहक वामनदादाच होते.

आम्ही तडक भेस्तान गाठले. तिथे मागांचा खडखडाट इतका, की बोलणे ओठांवरून ओळखावे लागते. कापडाचे तागे भरलेल्या टेम्पोला अडकून तार तुटली होती. वामनदादा जुने विणकर. त्यांनी दोन्ही टोके घेऊन घट्ट, सुबक गाठ मारली होती.

"तार तुटेल व्हती ताई, मी गाठ मारी दिन्ही," ते अहिराणीत अभिमानाने म्हणाले. "मन्ही गाठ सुटाव नही!" (माझी गाठ सुटायची नाही.)

मनीषाने कपाळाला हात लावला. "दादा, ही सुताची नाही, काचेची!"

या तारेतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. टोकाला टोक नेमके भिडवून यंत्राने जोडले, तरच तो पुढे जातो. गाठीपाशी तो संपतो.

"काका, मी इथे जोडते. तुम्ही सभागृहात माझ्या खुर्चीवर बसा."

"मला त्यातले काय कळते?"

"आयुष्यभर शाळेत पोरांना गप्प बसवलंत ना? आता तुम्ही गप्प बसा. खुर्ची रिकामी दिसली, तर नाव कापतील."

सभागृहात मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक पडद्यावर लगेच अवतरला. मग मनीषाचे नाव पुकारले गेले. पडदा करडाच राहिला. पुन्हा कॉल केला, पुन्हा करडा. "आखिरी बार," परीक्षक म्हणाले.

अचानक पडदाभर एक नाक दिसले. सभागृह हसले. नाक मागे सरकले आणि वामनदादा प्रकट झाले.

"आज कुछ दिक्कत आई?" परीक्षकांनी विचारले.

"आई ना! तार टूटी. मैंने गाठ मारी, ताई ने आके काटी."

"शिकायत कब दर्ज की?"

"शिकायत काय को? वो खुद आई ना!"

पुन्हा हशा पिकला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी मला सौम्यपणे समजावले, की निवारणाचा वेळ तक्रार नोंदवल्यापासून मोजतात. या गल्लीतून एकही तक्रार नोंदलेली नाही, तर मोजायचे काय? त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. त्यात चूक काढता येईना, हेच मला अधिक लागले. पुरस्कार दुसऱ्याला गेला.

संध्याकाळी मनीषा मला सोडायला उधन्याला आली.

"कारखानदार काय म्हणाले?"

"पुढच्या वर्षी बघू, म्हणाले." तिने पर्समधून कागद-पेन काढले. मग म्हणाली, "काका, गल्लीत लावायला एक पाटी लिहून द्या."

मी लिहिले: 'तार तुटल्यास स्वतः जोडू नये, तक्रार नोंदवावी.'

"हे वाचून दादा म्हणतील, पोरगी परकी झाली." तिने ते खोडून खाली लिहिले: 'तार तुटनी त गाठ मारू नका, माले फोन करा.'

गाडी सुटली. शाळेत मी तक्रारी मिटवण्यातच धन्यता मानली. आता मात्र मनीषाच्या दारी तक्रारींची रांग लागावी, असे मनापासून वाटत होते.