वीस एमबी जागा आणि अण्णाचा गोठा

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, मी दोंडाईचाहून सुरतेची पॅसेंजर पकडली, तेव्हा स्टेशनवर मला सोडायला कुणी नव्हतं. आई गावाच्या वेशीपर्यंत आली आणि दहा हात लांब उभी राहिली. तिच्या मागे माझा थोरला भाऊ अण्णा. त्याने हात वर केला नाही, मीही केला नाही. "गाव आयके नही रे भाऊ," आई लांबूनच म्हणाली. गाव ऐकत नव्हतं, म्हणजे अण्णाचा दोष नाही, असं तिला सुचवायचं होतं. मी पिशवी खांद्याला लावली आणि चालू पडलो.

तीन आठवड्यांपूर्वी सुरतेतलं अर्धं उधना, अर्धं पांडेसरा प्लेगच्या भीतीने गाड्यांच्या टपावर बसून गावी पळालं होतं. मीही पळालो. सुरतेत माणूस मरतोय म्हणून घरी जावं, एवढी साधी गोष्ट. घरी पोचलो तर अण्णाने मला उंबऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. गुरं बाहेर बांधली आणि मला गोठ्यात ठेवलं. जेवण काठीने पुढे सरकवलेल्या ताटात यायचं. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, काही नव्हतं. निघायच्या दिवशी अण्णाने ते ताट माझ्या डोळ्यांदेखत उकिरड्यात फेकलं. पितळेचं होतं, आईच्या माहेरचं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे उधन्याला उतरले आणि तिथलेच झाले, त्यांना पुढचं सांगायला नको. पांडेसऱ्यात डाइंगच्या खात्यात माझे हात कोपरापर्यंत कधी हिरवे, कधी जांभळे असायचे. मग कटपीसच्या धंद्यात शिरलो. मिलमध्ये उरलेले तुकडे लॉटने घ्यायचे, निवडायचे, विकायचे. भाव करायला मी तिथे शिकलो. समोरचा "छेल्लो भाव" म्हणाला की मी माल खाली ठेवून चहा मागवायचो. शेवटचा भाव म्हणणाऱ्याकडे अजून एक भाव असतो, हे मी सुरतेत शिकलो. लोक मला तापट म्हणतात. आहेच मी तापट. तापट माणसाचं ताट कुणी काठीने सरकवत नाही.

पाच वर्षांत मी उधन्यात दोन खोल्या घेतल्या, दुकान टाकलं, फोन घेतला. आईला बोलावलं, ती आली नाही. अण्णाला मी बोलावलं नाही. तो मला पत्र लिहील, निदान एक ओळ, याची वाट मात्र पाहत होतो. हे आज कबूल करतो, तेव्हा कुणी विचारलं असतं तर भांडलो असतो.

पत्र आलं नाही, पत्रिका आली. अण्णाच्या मुलीची, ज्योतीची. मुलगा नाशिकचा, कॉम्प्युटर कंपनीत. आपल्याकडच्या पत्रिकेत काय असतं तुम्हाला माहीत आहे. वर कुलदैवत, खाली नावांची रांग. चुलते, मामा, आत्या, गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन. अजून बोलता न येणारी पोरंसुद्धा "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" म्हणून छापलेली. त्या रांगेत माझं नाव नव्हतं. सख्खा चुलता मी. अगदी खाली, कडेला, निळ्या पेनने कुणीतरी लिहिलं होतं: सुभाष. कुत्र्याला दाराबाहेर भाकर टाकावी तसं ते मला वाटलं.

त्याच आठवड्यात मी वेबसाइट काढायचं ठरवलं.

सुरतेत तेव्हा ते वेड नवं होतं. रिंग रोडला जिग्नेशभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दारावरच पाटी, तुमची स्वतःची वेबसाइट. मी आत गेलो आणि विचारलं, काय विकता? ते म्हणाले, होस्टिंग. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर थोडी जागा तुमच्या नावाने, पाच एमबी, सोबत एक ईमेल. तिथे पानं ठेवायची, जगात कुणीही उघडून वाचावीत. मी म्हटलं, पाच एमबी म्हणजे कटपीस झाला, मला थान पाहिजे, अख्खा तागा. दोन तास बसलो, तीन वेळा उठून दारापर्यंत गेलो. शेवटी तेवढ्याच भावात वीस एमबी घेतले. जिग्नेशभाई कपाळ पुसत हसले. "सुभाषभाई, जगा तो लई लीधी, पण अंदर मूकशो शुं?"

जागा तर घेतली, आता आत काय ठेवणार? ते माझं ठरलेलं होतं.

त्यांनी मला शिकवलं आणि मी शिकलो, अडाणी नव्हतो. पान साध्या नोटपॅडात लिहायचं, ठळक काय हवं, रंग कुठे हवा, त्याच्या खुणा घालायच्या. पहिल्या पानाला ठरलेलंच नाव द्यायचं, तरच ते आपोआप उघडतं. मग फोन लावून मॉडेमची किरकिर ऐकायची, खात्याचं नाव आणि पासवर्ड घालायचा, आणि फाइल चढवायची. माझा दुकानापुढचा फोटो चढायला अर्धा तास लागला, दोनदा लाइन तुटली. मराठी अक्षरांसाठी जिग्नेशभाईंनी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक फाँट टाकून दिला.

पानावर मी घरातल्या सगळ्यांची नावं लिहिली, पत्रिकेसारखीच रांग. आजोबांपासून ज्योतीपर्यंत. अण्णाच्या नावाच्या जागी सात ओळी लिहिल्या: या माणसाने सख्ख्या भावाला गुरांच्या जागी ठेवलं, काठीने जेवण सरकवलं, आईच्या माहेरचं ताट उकिरड्यात टाकलं, अशा घरात मुलगी देणाऱ्यांनी आणि अशा घरातून मुलगी नेणाऱ्यांनी विचार करावा. सगळं खरं होतं. गावाने मला वेशीवरूनच परत पाठवायचं ठरवलं होतं, अण्णा चावडीवर जाऊन भांडला होता, आणि तीन आठवडे तो गोठ्याबाहेर खाट टाकून झोपत होता, हेही खरं होतं. ते मी लिहिलं नाही. वीस एमबीत जागा भरपूर होती.

साइटचा पत्ता छापून मी सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली. एक नाशिकला, ज्योतीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या कंपनीत. तिथे इंटरनेट असणार, हे मला ठाऊक होतं.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा दुकानात ज्योतीचा फोन आला. मी तयार होतो, ती रडेल म्हणून.

"काका, मी ज्योती! तुमची साइट त्यांनी ऑफिसात उघडली."

"मग?"

"मग काय, नुसते कंस आणि टिंबं! मराठी काहीच दिसत नाही. फोटोच्या जागी लाल फुली. त्यांचे मित्र म्हणाले, तुझ्या होणाऱ्या बायकोचा काका कॉम्प्युटरला शिव्या देतो की काय रे!" आणि ती हसली.

माझ्या लक्षात आलं नव्हतं. जो फाँट माझ्या मशीनवर होता, तो नाशिकच्या मशीनवर नव्हता. फोटोही पानाला सापडायचा तो माझ्याच मशीनच्या कप्प्यात. इतके दिवस मी स्वतःच्या पडद्यावर स्वतःचंच पान वाचून खूश होत होतो. बाहेरच्या जगात तो नुसता कचरा होता.

"ते म्हणतात, फ्लॉपीवर फाँट पाठवा. सासूबाईंना वाचायचंय. मी सगळ्यांना सांगितलंय, आमच्या घरात पहिली साइट माझ्या काकांची. काय लिहिलंय हो?"

"घरच्यांची माहिती."

"माझं नाव आहे?"

"आहे. पण तुझ्या पत्रिकेत माझं का नाही?"

ती हळू म्हणाली, "अण्णांनी छापलं नाही, काका. म्हणून मी पेनने लिहिलं. नुसतं तुमच्या पत्रिकेवर नाही, हातात आल्या तेवढ्या सगळ्यांवर. अण्णांनी बघितलं, पण खोडलं नाही."

इथे थांबता आलं असतं. धंद्यात समोरचा एवढा खाली आला की मी सौदा मिटवतो. पण मी म्हटलं, "पेनने नको. परत छापायला सांग बापाला. छापलं तर फाँट पाठवत नाही."

"म्हणजे? फाँट नाही पाठवणार? का?"

"तू बापाला सांग."

"आठ दिवसांत कोण छापून देणार, काका? तुम्ही या ना लग्नाला. मी तुम्हाला पुढे बसवते."

मी फोन ठेवला. दुपारभर बसून फोटोची वाट दुरुस्त केली, पान पुन्हा चढवलं, फाँट फ्लॉपीवर घेतला आणि कुरिअरने नाशिकला पाठवला. सोबत चिठ्ठीत फाँट कसा टाकायचा ते एकेक पायरी लिहून दिलं, चुकायला नको म्हणून.

लग्न झालं. मी गेलो नाही. सहा महिन्यांनी ज्योतीचं पत्र आलं. वर 'तीर्थरूप' नाही, खाली 'आपली' नाही. मधे एवढंच: "सासूबाईंनी तुमच्या पानाची प्रिंट काढून कपाटात ठेवली आहे. त्यांना सर्दी झाली तरी मला विचारतात, मला कुठे ठेवशील गं? आमचा तर फ्लॅट आहे, गोठा कुठून आणशील? हे हसतात. अण्णा दोनदा आले, दोन्ही वेळा त्यांना वेगळ्या ताटात वाढलं. त्यांनी काही विचारलं नाही, जेवले. मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं, काय लिहिलंय. तुम्ही सांगितलं नाही."

मी त्याच दिवशी जिग्नेशभाईंकडे जाऊन पान काढून टाकलं. लिहून चढवायला तीन दिवस लागले होते, काढायला अर्धं मिनिट. नाशिकच्या कपाटातला कागद तिथून निघणार नव्हता. नंतर ज्योतीला मी तीन पत्रं लिहिली. तिसरं न उघडताच परत आलं.

मी चुकलो, असं मी लिहिणार नाही. ताट फेकणारा मी नव्हतो. पण घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं, तर मी उधन्याच्या दोन खोल्या दाखवत नाही. सुरतेत मी दिवसभर ओरडतो, शिव्या देतो, लोक हसतात आणि भाव पाडून मागतात. इथे माझं बोलणं कुणाला लागत नाही. माझ्या सात ओळींनी जिथे एक मुलगी आयुष्यभर खाली मान घालून जेवण वाढते आणि एक म्हातारा मुकाट्याने जेवतो, ते माझं घर. तिथे मला आता कुणी बोलावत नाही.