जाळीच्या कपाटातली लिली

खळबाईचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर होतं, 'येथे पुस्तके बांधून मिळतील', आणि त्याखाली नवऱ्याचं नाव, तेही उन्हानं पार खाऊन टाकलेलं. नवरा गेला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की आता ही गाशा गुंडाळून लेकीकडे जाईल. ही कसली जाते! सकाळी उठली, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, दाभण शोधलं, आणि त्याच्या हातून अर्धा राहिलेला जाडजूड शब्दकोश शिवायला बसली. त्या खळीवरून तिला नाव पडलं. तिनंही ते पडू दिलं.

आता खळ आली म्हणजे उंदीर आलेच. खळ लावून वाळत ठेवलेला पुठ्ठा उंदराला पापडासारखा लागतो. म्हणून दुकानात पुठ्ठी होती. पुठ्ठी म्हणजे मांजर. रंग पुठ्ठ्याचा आणि स्वभाव मालकिणीचा: बोलावलं तर यायची नाही, हाकललं तर जायची नाही.

पुठ्ठीला एकच खोड. हिरवं दिसलं की तोंड घालायची. गवत म्हणू नका, कुंडीतलं पान म्हणू नका, कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडायची नाही. येणारी गिऱ्हाइकं हळहळायची, "अहो बाई, मांजर गवत खातंय. पोटात काहीतरी बिघडलंय तिच्या."

खळबाई दोरा दातानं तोडून म्हणायची, "तुम्ही जेवताना काकडी खाता, तेव्हा मी येते का विचारायला, पोट बिघडलंय का म्हणून?"

दळणाच्या गव्हातले मूठभर गहू ती बाजूला काढायची आणि रिकाम्या डब्यांत पेरायची. पीठ पुस्तकांना, अंकुर पुठ्ठीला. दोघींचं असं छान चाललं होतं.

मग शेजारच्या गाळ्यात फुलवाला आला. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, मावशी मावशी करायचा. फक्त दोन दुकानांना मिळून जो एकच ओटा होता, तो लांबीला अर्धा आपला आणि रुंदीला सगळाच आपला, असा त्याचा हिशोब होता. ओटाभर बादल्या मांडायचा. गुलाब, जरबेरा, आणि अगदी पुढे, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशी लिली. मोठी, तोंड वासलेली, आणि त्या तोंडातून केशरी पूड झडणारी.

एका दुपारी पुठ्ठी आत आली ती नाकाला हळद लावल्यासारखी. बसली आणि पंजे चाटायला लागली. खळबाईला हसूच आलं. संध्याकाळी मात्र हसू आटलं. एरवी गवत खाऊन ओकली तर पुठ्ठी त्याच्याकडे पाठ करून निघून जायची, जणू शेजाऱ्यानं केलंय. आज ओकली आणि तिथंच पडली. तोंडातून लाळ गळत होती. खळबाईनं तिला बांधणीच्या कापडात गुंडाळलं, दुकान तसंच उघडं टाकलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे पळत सुटली.

डॉक्टरीणबाईंनी मिशांवरची पूड बघितली मात्र, त्यांचा चेहरा बदलला. "घरात लिली आहे?"

"घरात नाही. दारात आहे."

त्यांनी पुठ्ठीला पुसून काढलं, पायाची लव भादरून सलाईन लावलं आणि मग नीट समजावून सांगितलं. या फुलाचं पान, पाकळी, पूड, अगदी बादलीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडनीला संपवतं. लगेच आणलंत म्हणून आशा आहे. "बाकी हिरवं खाल्लं तर खाऊ दे, ती त्यांची जातच आहे. गुलाब, जरबेरा चघळला तर काही होत नाही. तुमचे गव्हाचे अंकुर तर उत्तमच. मनी प्लांटनं तोंड पोळतं, तो लांब ठेवा. पण लिलीशी खेळ नको. पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं नाही."

पुठ्ठी घरी आली ती निम्मी होऊन, एक पाय भादरलेला, आणि सगळ्या जगावर रुसलेली.

खळबाई सरळ फुलवाल्याकडे गेली. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून हसला.

"मावशी, फूल खाऊन कधी कुणी मेलंय का? मांजर कोंडून ठेवा ना तुम्ही."

"मांजर कशाला कोंडू? गुन्हा फुलाचा. फूल कोंड."

"फूल कोंडलं तर विकायचं कसं?"

"आणि मांजर कोंडलं तर उंदीर काय तू धरणार?"

लेक भेटायला आली, तिनंही तोच सूर लावला. "आई, कशाला वाकड्यात शिरतेस? पुठ्ठीला माझ्याकडे पाठव."

"आज मांजर पाठवलं की उद्या म्हणशील, तूही चल. आम्ही दोघी इथंच बऱ्या."

दुसऱ्या दिवशी खळबाईनं आपलं स्टूल उचललं आणि ओट्यावर, लिलीच्या बादलीला अगदी खेटून मांडलं. पुठ्ठीला मागच्या खोलीत ठेवलं आणि फुलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगितलं, "ही कोंडणी नाही गं बाई, ही आजारपणाची रजा." मग मांडीवर पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, घेऊन शिवायला बसली. गिऱ्हाईक लिलीकडे हात नेई, की दाभण तिथल्या तिथं थांबे.

"घरात मांजर आहे का?"

"नाही."

"मग खुशाल न्या."

पुढचीला विचारलं, "मांजर आहे का?" ती होती शाळेतली शिक्षिका. म्हणाली, "दोन आहेत. का हो?" खळबाईनं कारण सांगितलं. बाईंनी हातातली लिली निखारा टाकावा तशी बादलीत टाकली, हात फुलवाल्याच्या पाण्याच्या नळावर खसाखसा धुतले आणि जरबेरा घेऊन गेल्या. जाताना फुलवाल्याला म्हणाल्या, "हे तुम्ही सांगायला नको होतं का?"

फुलवाल्याचे कान लाल झाले. त्यानं वर राहणाऱ्या घरमालकाला बोलावून आणलं. घरमालकांना भांडण म्हटलं की ढेकर यायचे. ते आले तेच पोटावर हात ठेवून.

"बाई, तुम्ही याचा धंदा बसवताय."

"मी तर नुसती एक गोष्ट विचारते, मालक. तोंडाला भाडं लावलंय का तुम्ही?"

"हे चालणार नाही. एक तर मांजर बांधून ठेवा, नाहीतर गाळा सोडा."

त्या गाळ्यात खळबाईनं सासऱ्यांच्या हाताखाली पहिली सुई ओवली होती. नवऱ्याचं नाव अजून पाटीवर होतं, दिसत नसलं तरी. तिनं मांडीवरचे फर्मे खाली ठेवले, पदर खोचला आणि आत गेली.

"समजलं वाटतं मावशींना," फुलवाला म्हणाला.

आतून घसटण्याचा आवाज आला. काहीतरी पडलं. मग पुन्हा घसट. दारात आधी एक लाकडी पाय दिसला, मग जाळी, आणि जाळीमागे घामाघूम खळबाई. सासूबाईंच्या वेळचं जाळीचं कपाट होतं ते, दूधदुभतं मांजराच्या तोंडून वाचवायला केलेलं.

"बघत काय उभे राहिलात? धरा!"

दोघा पुरुषांनी निमूट धरलं. काय करणार, नाहीतर कपाट पायावरच येत होतं. ते फुलवाल्याच्या दुकानात उंचशा फळीवर चढलं. खळबाईनं खळीचा डबा आणला, कुंचला आणला, आणि आतून सगळ्या जाळीला पारदर्शक कागद असा बसवला की पुडीचा कण बाहेर पडू नये.

"हे सुकलं की लिली यात. बादलीचं पाणी मोरीत, ओट्यावर नाही. गुलाब, जरबेरा खुशाल ओट्यावर ठेव. पुठ्ठीनं ते खाल्लं तर तुझं नुकसान होईल, ते माझ्याकडून घे. तिचा जीव तर जाणार नाही."

"कपाटात फुलं? मावशी, लोक हसतील!"

"हसू देत. रडण्यापेक्षा बरं." मग ती घरमालकांकडे वळली. "आणि मालक, गाळा मी सोडत नाही. मांजर मी बांधत नाही. अजून काही?"

घरमालकांनी कपाटाकडे बघितलं, फुलवाल्याकडे बघितलं आणि एक लांब ढेकर दिला. "फुलं आत, मांजर बाहेर. भांडण मिटलं ना? मग मला का बोलावलंत?" आणि ते जिना चढून गेले.

फुलवाला आठवडाभर फुगून होता. लिली मात्र कपाटात गेली. लोक हसले, थांबले, जाळीला डोळे लावून बघायला लागले.

पुठ्ठी बरी झाली, तशी ओट्यावर आली. कपाटापुढे बसली, वर बघत, आत दूध असल्यासारखी. दार काही उघडेना. मग शेपटी झटकून ती गव्हाच्या डब्याकडे गेली आणि मालकिणीसारखी कचाकचा अंकुर खायला लागली.

खळबाईचं स्टूल आता परत आत आलं होतं. नव्या पुस्तकाचा कणा चिकटवताना तिला भिंतीपलीकडून फुलवाल्याचा आवाज आला. कुणीतरी लिली मागत होतं.

"देतो ना," तो जरा फणकाऱ्यानंच म्हणाला, "पण आधी सांगा. घरात मांजर आहे का?"

खळबाईनं मान वर केली नाही. कुंचला खळीत बुडवला आणि पुढचा पुठ्ठा ओढला.