लेइतूनं घातलेलं कुलूप

लेइतूला कुणी विचारलं, तू काय करतेस गं, तर ती म्हणे, "लोकांना घरं बांधायची सोय करून देते." ब्रिस्बेनजवळच्या आमच्या लोगनमध्ये निम्मे सामोअन बांधकामावरच, त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारत नसे. खरं तर ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर. खेळणाऱ्यांनी बेटावर खांब रोवायचे, छप्पर चढवायचं, हवं तसं घर उभं करायचं. ती सगळी करामत हिची. पोरीनं जीव ओतला होता त्यात.

आणि चूक केली तीही अशी, की आमच्याच माणसानं करावी. घर कुणाचं, हे प्रोग्राममध्ये लिहिलंच नाही! गावाकडे, सामोआत, घराला भिंतीच नसतात, तिथे मालकी कुठली सुचणार? पहिल्याच चाचणीत दोन टवाळांनी दिसेल ते घर पाडलं. साहेब क्रेग तसा वाईट नव्हे, पण पार मेटाकुटीला आलेला. शुक्रवारपर्यंत बंदोबस्त कर, नाहीतर बांधकाम गेममधून काढून टाकतो आणि तयार घरं देतो, असं त्यानं तोंडावर सांगितलं.

लेइतूनं मुकाट्यानं भिंती सक्तीच्या केल्या, दाराला कुलूप घातलं. घरी येऊन आईला, पालेपाला, खेळायला बसवलं आणि स्वतः तारोचे कंद सोलायला गेली. परत येऊन बघते तर पडद्यावरची आई लेइतूनं बेटावर बांधलेल्या घराबाहेर मांडी घालून बसलेली.

"आई, अडकलं का काही?"

"नाही गं. दार लावलंयस ना तू. असशील कामात, म्हटलं बसू बाहेरच."

रागानं बोलली असती तरी परवडलं असतं. लेइतूच्या आता ध्यानात आलं. क्रेगला धास्ती पाडापाडीची, आणि आपण बंदी घातली ती येण्याजाण्यावर. अक्कल कुठे गहाण पडली होती म्हणायची! तिनं भिंती आणि कुलूप काढून टाकलं. कुणीही यावं, बसावं, एखादा खांब जोडावा. पाडायचं मात्र ते बांधायला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांनी हो म्हटल्यावरच, असा नियम लिहिला.

शुक्रवारी ऑफिसात क्रेग स्वतः हातोडा घेऊन गेममधल्या बेटावर उतरला. लेइतूच्या घरावर त्यानं घाव घातले, ढलपीसुद्धा निघेना. मग तो आत शिरला. तिथे पालेपा होती, आपल्या घरून खेळत. जेवणाच्या वेळी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय आमच्या बायकांच्या घशाखाली घास उतरत नाही, मग तो साहेब का असेना. एका बोटानं टाइप केलेलं एकेक अक्षर पडद्यावर उमटलं: "ये बाळा. दमलास. जेवून घे." आणि तिनं भाजलेला तारो त्याच्यापुढे ठेवला.

लेइतू क्रेगच्या खुर्चीमागे उभी होती.

"मग? ठेवायचं की काढायचं?" तिनं विचारलं.

"थांब जरा," क्रेग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "जेवतोय."