गुणी लेकरू

खोटं काहून बोलू, मला त्या बाईचा हेवा वाटायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नागपूरहून मुलांच्या आजारांची एमडी करून मी बालाघाटच्या एका दवाखान्यात लागले. वॉर्डात एक वयस्क सिस्टर होती, जवळच्याच लामता गावची. परसवाड्याकडच्या खेड्यांतल्या आया लेकरू आधी तिच्याच मांडीवर टाकायच्या. मी गळ्यात स्टेथोस्कोप घालून समोर उभी, आणि त्या विचारणार तिला.

एकदा वर्षभराचं पोर आलं. हातापायांचे पंजे टम्म सुजलेले, बोट लावलं की किंचाळायचं. मी जंतुसंसर्ग समजून इंजेक्शन लिहिलं. सिकलसेलसाठी रक्त पाहून घेता का, असं सिस्टरनं हळूच विचारलं. पाहिलं, तर तो रक्ताचा आजार, सिकलसेलच निघाला. जाताना त्या आईनं पाय धरले ते सिस्टरचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, ती सूज पुस्तकात मीही वाचली होती! पण तिला दिसायचं आणि मला आठवायचं, तेही उशिरा. तेव्हापासून तिचं एखादं निदान चुकावं म्हणून मी टपून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. इतकी शांत, की दुधासाठी उठवावं लागे. नातेवाईक म्हणायचे, काय गुणी लेकरू आहे, रडणं माहीतच नाही. मीही मिरवत होते. कावीळ महिना झाला तरी उतरेना, तर मी म्हटलं, अंगावरच्या दुधानं राहते कधीकधी. बेंबी फुगली, तर सासूबाईंनी वर नाणं ठेवून पट्टी बांधली, आणि ती मी राहू दिली.

मुलगी दीड महिन्याची असताना सिस्टर झबलं घेऊन घरी आली. बाळाला मांडीवर घेतलं. गालाला हात लावला, पट्टी सोडून पाहिली, ओठ उघडून जीभ पाहिली. मग तळपायाला टिचकी मारून रडवलं आणि ते घोगरं रडणं कान देऊन ऐकलं. चहा अर्धाच ठेवून ती उठली. दारात चपला घालता घालता म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. हिच्या थायरॉइडचं रक्त नागपूरले पाठवा. लवकर."

"एमडी तुम्ही झाल्या का मी?" मी म्हटलं.

ती गेली. सासूबाई म्हणाल्या, हिनं पोरीला नजर लावली. आणि त्या मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढत असताना मी, लेकरांची डॉक्टर, त्यांच्यासमोर पोर धरून बसले.

रक्त मी पाठवलं नाही. कारण सांगते, आता लाज कसली. पाठवलं असतं आणि ती खरी ठरली असती तर माझ्या घरात, माझ्या पोटच्या पोरीवर ती माझ्यापुढे गेली असती. ते मला सोसणार नव्हतं. मनात म्हणत होते, चुकू दे, एकदा तरी चुकू दे.

साडेतीन महिन्यांची झाली तरी पोर मान धरेना, हसेना. तेव्हा कुठं रक्त पाठवलं. रिपोर्ट आला, थायरॉइडचाच दोष होता. न उतरणारी कावीळ, जाड जीभ, फुगलेली बेंबी, घोगरं रडणं, पुस्तकातलं ते पान मला तोंडपाठ होतं. या आजारात औषधाविना गेलेला प्रत्येक आठवडा बुद्धीतून वजा होतो, हेही त्याच पानावर होतं. माझे दोन महिने गेले होते.

वॉर्डात जाऊन सिस्टरला सांगितलं. वाटलं, बोलेल, निदान टोमणा तरी मारेल. ती एवढंच म्हणाली, "आजच गोळी सुरू करा, मॅडम." तिनं मला आधीच सांगितलं होतं, हे ती कोणाला बोलली नाही. माझ्या नवऱ्यालाही अजून माहीत नाही. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चांगली निघाली, याचाही मला हेवाच वाटला.

मुलगी मोठी झाली. चालली उशिरा, बोलली उशिरा. दुसरीत दोनदा बसली. सिस्टर रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी तिला पाढे शिकवायला येऊ लागली. मी शिकवायला बसले की माझा हात उठायचा. सिस्टर तेच तेच वीस वेळा सांगे आणि पोर तिला चिकटून बसे.

एका सकाळी वेणी घालताना मुलीनं विचारलं, "आई, मले सगळं हळू काहून येते?"

"तुझी गोळी उशिरा सुरू झाली, म्हणून."

"उशिरा काहून?"

"डॉक्टरच्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग सिस्टरमावशीले विचारायचं ना. तिले समजलं असतं."

मी वेणी आवळली. खरं सांगते, त्या घडीलाही आधी जळफळाट झाला तो त्या बाईच्या नावानं. पोरीसाठी डोळे भरून आले ते नंतर.