चुकीच्या जागचा लाल मणी

एझबा एट्सिटीच्या हातच्या माळेत चूक सापडत नाही, असं अमेरिकेतल्या गॅलप गावच्या दुकानांतून लोक म्हणायचे, आणि ते ऐकून एझबा गालातल्या गालात हसायची. चूक असायचीच. निळे मणी संपले की ती लाल ओवायची, लाल संपले की जे हाताला लागेल ते. तिच्या माळा विकणाऱ्या गोऱ्या दुकानदार क्रँडलबाई मात्र गिऱ्हाइकांना सांगायच्या की लाल म्हणजे धैर्य, निळा म्हणजे आकाश आणि काळा म्हणजे पूर्वजांची आठवण. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि ब्रेसलेट डबीत घालून न्यायचं. सात वर्षांची नात व्हर्ना हे सगळं इंग्रजीतून आपल्या बोलीत करून सांगायची.

"पूर्वजांची कसली आठवण? काळे मणी डब्यात पडून होते म्हणून घातले," एझबा म्हणायची.

"असं सांगू बाईंना?"

"नको. चॉकलेट बंद होईल तुझं."

त्या वर्षांत साऱ्या अमेरिकेला पिरोज्याचं वेड लागलं होतं. दातांचे डॉक्टर आणि बँकेतले साहेबसुद्धा मनगटात आमचे दगड मिरवत होते. क्रँडलबाई जुने दागिने गोळा करत, ते काचेच्या कपाटात चिठ्ठ्या लावून ठेवत, आणि त्यांच्यासारखे नवे करून विकत. दारावर पाटी होती, 'नैऋत्येच्या धाटणीचे दागिने'. नैऋत्य म्हणजे आम्ही, या वाळवंटातले मूळचे लोक. धाटणी त्यांची आणि बोटं आमची. बाई तशा वाईट नव्हत्या. आल्यागेल्या ओवणाऱ्या बाईला खुर्ची द्यायच्या, कॉफी द्यायच्या. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, अशा माणसांचं काय करायचं तेच कळत नाही.

एझबा वाढली ती मेंढरांमागे आणि बापाच्या सामत्याशेजारी. बाप त्या सामत्याने दगडाच्या चकत्यांना भोकं पाडायचा, आणि ती त्या दोऱ्यात घालून ओल्या वाळूच्या दगडावर घासत बसायची, मणी गोल होईपर्यंत. घासून घासून तिच्या बोटांच्या कडा गुळगुळीत झाल्या. लग्न झालं, नवरा रेल्वेचे रूळ टाकायला गेला आणि रुळांबरोबरच कुठेतरी पुढे निघून गेला. मागे राहिली एक मुलगी. तिचं नाव या गोष्टीत येणार नाही. गेलेल्या माणसाला नावाने हाक मारली की ते वळून बघतं, आणि त्याने वळून बघू नये यातच सगळ्यांचं भलं असतं.

मुलगी लहान असताना एझबाने तिला बापाच्या हातच्या बारीक पिरोज्यांचं ब्रेसलेट करून दिलं. मनगट वाढेल तसं दर उन्हाळ्यात सोडायचं, चार मणी वाढवायचे, पुन्हा गाठ मारायची. एकदा गाठ मारण्याआधी पोरीने पोवळ्याचा एक लाल मणी गाठीशेजारी घुसवला. निळ्यांच्या ओळीत तो आगंतुकासारखा दिसत होता.

"काढ तो. शोभत नाही तिथे," एझबा म्हणाली.

"नाही काढणार. तो दाराशी बसलाय. राखण करतोय."

एझबाला हसू आलं. होगनचं, आमच्या गोल मातीच्या घराचं, दार असतं तसंच त्या माळेचं दार म्हणजे गाठ, हे त्या एवढ्याशा टाळक्यात कसं आलं कुणास ठाऊक. मग तो मणी तिथेच राहिला.

मुलगी एकोणीस वर्षांची असताना बाळंत झाली. बाहेर बर्फ होतं, रस्ता बंद होता, आणि तापाने बर्फ उतरायची वाट पाहिली नाही. शेवट जवळ आला तसा एझबाचा थोरला भाऊ हॉस्की म्हणाला, "हिला बाहेर घ्यायला हवं." घरात मरण झालं तर घर सोडावं लागतं, आणि तान्ही व्हर्ना त्या थंडीत कुठे जाणार? म्हणून त्या तापलेल्या पोरीला दोघांनी उचलून फांद्यांच्या आडोशात नेलं. पोटच्या पोरीला मरायला घराबाहेर काढायचं आणि तिच्याच पोरीसाठी काढायचं! एझबा ते कधी विसरली नाही.

पुरायलाही दोघंच गेली. लाल कड्यांच्या एका कपारीत, न बोलता. तिच्या पायांत जोडे उलटे घातले, डावा उजव्या पायात आणि उजवा डाव्या, म्हणजे तिला माग काढत परत येता येऊ नये. बरोबर द्यायच्या वस्तू मोडून द्यायच्या असतात. हॉस्कीने चांदीचं कडं दगडाने चेपलं, मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, खोगिराचा पट्टा कापला. मग त्याने एझबाच्या हातातल्या ब्रेसलेटकडे पाहून नुसती हनुवटी उडवली. एझबाने मान हलवली, तुटलं म्हणून.

तुटलं नव्हतं. दोरा दोन बोटांत धरून तिने एकदा ताणला होता, आणि तेवढ्यात गाठीशेजारचा लाल मणी तिला दिसला. मग तिने ते ब्रेसलेट अख्खंच्या अख्खं मुलीच्या डाव्या बाहीत सरकवलं आणि दगड रचले. आमच्यात हे कुणी करत नाही. अख्खी वस्तू मेलेल्याच्या हातात ठेवणं म्हणजे त्याला परतीची वाट ठेवणं.

सात वर्षं गेली. एका सकाळी एझबा आणि व्हर्ना तयार माळा घेऊन क्रँडलबाईंकडे गेल्या, तर बाई खुशीत होत्या. कपाटातून काहीतरी काढून त्यांनी मुठीत लपवलं होतं.

"बाई म्हणतात, एक जुनी वस्तू मिळालीय," व्हर्ना सांगू लागली. "रविवारच्या बाजारात एका माणसाकडून. त्याला लाल कड्यांकडे खडकाच्या कपारीत मिळाली म्हणे. आजी, खडकात माळा उगवतात का गं?"

बाईंनी मूठ उघडली. एझबाने गाठ पाहिली, तिची स्वतःची. गाठीशेजारी लाल मणी होता.

"बाई म्हणतात, दोरा कुजत आलाय, तो बदलून दे. आणि असेच आणखी डझनभर कर. म्हणतात, हा लाल मणी चुकून लागलाय, नव्यात तो मध्यभागी घे."

एझबा काय बोलणार? तिला येत होतं तेवढं इंग्रजी 'हो', 'नाही' आणि 'उद्या'. बाकीचं सगळं व्हर्नाच्या तोंडून जायचं. ही वस्तू मेलेल्या बाईची आहे, ती बाई तुझी आई, तिची कपार कुणीतरी उकरलीय, हे त्या पोरीलाच सांगायचं आणि तिच्याकडूनच बोलवून घ्यायचं? मेलेल्या आईची गोष्ट तिच्या लेकराच्या जिभेवर ठेवायची?

आजीचं तोंड उतरलेलं बघून क्रँडलबाईंना वाटलं, हिला वस्तू पसंत पडली नाही. त्या हसल्या, वाकल्या, आणि अंगावर कसं दिसतं ते दाखवायला त्यांनी ते ब्रेसलेट व्हर्नाच्या हातात चढवलं. मोठ्या बाईच्या मापाचं ते, पोरीच्या बारक्या हातात थेट कोपरापर्यंत गेलं.

"आजी, बघ ना!" व्हर्ना म्हणाली. तिला ते फार आवडलं होतं.

जिवंतपणी पोर कितीही गुणाची असो, गेल्यावर ती आपली राहत नाही. ती आपल्या वस्तूमागून येते, आणि ती वस्तू ज्याच्या अंगावर दिसेल त्याला घेऊन जाते. आणि हिचं तर तान्हं लेकरू मागे राहिलेलं. ती दुसऱ्या कुणाला कशाला नेईल?

एझबाने पुढे होऊन व्हर्नाचा हात धरला आणि दोऱ्याला हिसका दिला. सात वर्षांपूर्वी जे हातून झालं नाही ते एका क्षणात झालं. मणी फरशीवर सगळीकडे उधळले.

बाई किंचाळल्या. एझबा गुडघ्यांवर बसून डोक्याच्या रुमालात मणी वेचू लागली. व्हर्नाही रडत रडत टेबलाखाली शिरली.

"आजी, बाई विचारतायत तुला वेड लागलंय का! आजी, त्या म्हणतात ते त्यांचं आहे! आजी, पोलिसांना बोलावीन म्हणतात!"

"म्हणू दे."

"आजी, बोल ना काहीतरी! मी काय सांगू त्यांना?"

एझबाने स्वतःच्या गळ्यातली बापाच्या हातची जाड पिरोज्यांची माळ काढून टेबलावर ठेवली. तशी माळ बाईंच्या अख्ख्या कपाटात नव्हती, आणि हे बाईंना लगेच कळलं. त्यांचा आवाज खाली आला. पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस, एवढं म्हणून त्यांनी माळ उचलली आणि उजेडाकडे धरून पाहिली.

दोघी घरी आल्या तेव्हा हॉस्की मेंढीच्या रश्शाची कढई उतरवत होता. खाणीत काम करून त्याच्या छातीचा भाता फुटल्यासारखा झाला होता, चार शब्द बोलला की दम लागायचा. व्हर्नाला आत पाठवून एझबाने त्याला रुमाल दाखवला, उघडला नाही.

"दादा, मी ते तोडलं नव्हतं."

हॉस्कीने कढई खाली ठेवली.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू मान हलवलीस. त्या पोरीपुढे, तिच्या तोंडावर."

"हो. शिव्या दे, पण ऐक. कुणीतरी तिथे जायला हवं."

"कुणी जात नसतं तिथे. मी येतो."

"तू दोन पावलं चढलास की बसशील. आणि मग तुझ्यासाठीही कपार शोधावी लागेल मला. तू पोरीजवळ थांब. तिला एकटी सोडू नकोस, झोपेतसुद्धा."

"तोंडाला राख लावून जा. राख लावलेल्याला मेलेलं शिवत नाही," तो म्हणाला आणि कढईकडे वळला.

एझबा एकटीच गेली. कपारीवरचे दगड बाजूला फेकलेले होते. गुडघ्यांच्या वर तिने पाहिलं नाही, पण उलटे जोडे होते तसेच होते. चेपलेलं कडं तिथेच पडलं होतं, भोक पाडलेलं मडकं तिथेच, कापलेलं खोगीरही तिथेच. मोडलेल्या कशालाही चोराने हात लावला नव्हता. नेलं होतं ते एवढंच, जे तिने मोडलं नव्हतं. पोरीची कपार चोराने उघडली खरी, पण चोराला कारण आपण दिलं, हे तिला तिथे उभ्याने कळलं, आणि ते घेऊन बसायलाही वेळ नव्हता.

तिने रुमाल सोडला. निळे मणी एकेक करून दगडाने फोडले आणि कपारीत टाकले. लाल मणी निघेना. रुमाल झटकला, खिसे उलटे केले, पण मणी नव्हताच. राहिला असेल बाईंच्या कपाटाखाली, असं म्हणून तिने दगड पुन्हा रचले आणि वेगळ्या वाटेने, मागे न बघता खाली उतरली.

मयताला शिवलेल्या माणसाने चार दिवस वेगळं राहायचं. रानातल्या मुळीच्या फेसाने अंग धुऊन एझबा घराबाहेरच्या फांद्यांच्या मांडवात बसली. हॉस्की लांबूनच कॉफी आणि भाकरी ठेवून गेला. जाताना थांबला.

"पोर झोपेत बोलते," तो म्हणाला.

"काय बोलते?"

"आई म्हणते."

व्हर्नाच्या तोंडात तो शब्द कधी नव्हता. या घरात तिला तो कुणी शिकवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना व्हर्ना मांडवापासून थोडं दूर येऊन उभी राहिली. तिथून पुढे यायचं नाही हे तिला माहीत होतं. तिने मूठ पुढे केली.

"आजी, तू रागावली नाहीस ना? हा टेबलाखाली गेला होता. मी ठेवला तुझ्यासाठी."

तिच्या तळव्यावर लाल मणी होता.

"कुठे ठेवला होतास?"

"उशाखाली. नवीन माळ करशील ना आजी? ह्याला गाठीशी घाल. तो दाराशी बसतो. राखण करतो."

हे शब्द एझबाने कुणालाच सांगितले नव्हते, हॉस्कीलासुद्धा नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

व्हर्नाने खांदे उडवले. "झोपेत ऐकलं."

एझबाला त्या क्षणी पोरीला जवळ ओढून एवढंच विचारायचं होतं, अजून काय म्हणाली गं ती? कशी दिसत होती? थंडी वाजते म्हणाली का? मला काही म्हणाली का? सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या लेकीचा शब्द कुणाच्या तरी तोंडून आला होता, आणि तो आणखी ऐकायला तिचा जीव कासावीस झाला होता. तिने विचारलं नाही.

"फेक इकडे," ती म्हणाली.

मणी धुळीत येऊन पडला. एझबाने तो चुलीच्या सपाट दगडावर ठेवला आणि दुसरा दगड उचलला.

"आजी, नको! आजी, तो माझा आहे!"

पहिल्या घावाला मणी निसटला. तिने तो बोटाने धरून ठेवला आणि पुन्हा मारला, बोटासकट. मग पुन्हा, भुकटी होईपर्यंत. व्हर्ना किंचाळत हॉस्कीकडे पळाली, आणि चार दिवस संपल्यावरही आजीच्या कुशीत आली नाही. नखाखालचं रक्त आणि पोवळ्याची पूड यांतलं काय कुठलं ते एझबाला कळेना. दोन्ही तिने राखेत मिसळून मांडवाबाहेर उधळलं.

व्हर्ना त्यानंतर झोपेत कधी बोलली नाही. एझबा मात्र तो सगळा हिवाळा तिच्याजवळ कान देऊन जागी पडून असायची.