टॉवेलाखालची म्हैस

मुरगूडच्या जनावरांच्या बाजारात मी चुकून एक म्हैस विकत घेतली. आम्ही कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मी आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक. आयुष्य गेलं ते एकाच प्रश्नामागं: जुन्या बाजारात भाव ठरायचा कसा? जनावराचा सौदा टॉवेलाखाली हातात हात घालून, बोटं दाबून व्हायचा. त्याचा कागद कुठं सापडणार? तरी मी वर्गात वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो, की बोटांनी दिलेला शब्द कुणी फिरवत नसे. पोरांनी पुरावा मागितला की मी त्यांना चहा पाजायचो.

त्यामुळं मुरगुडात एका व्यापाऱ्याच्या हातावर अजून तसाच टॉवेल पडलेला दिसला आणि मी हरखूनच गेलो. गर्दीत घुसलो, त्याला म्हटलं, मला हे समजून घ्यायचंय. म्हशींच्या हंबरण्यात त्याला त्यातलं फक्त 'घ्यायचंय' तेवढं ऐकू गेलं असावं. त्यानं माझा हात टॉवेलाखाली ओढला. चार बोटं दाबली, थांबला, मग दोन दाबली. माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्यासाठी मी गावोगावची दप्तरं पालथी घातली, ते माझ्या तळहातावर चाललं होतं की! आनंदाच्या भरात मी त्याचा अख्खा पंजाच गच्च आवळला.

टॉवेल निघाला. माझ्या हातात कासरा आला आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैस होती.

काहीतरी गैरसमज झालाय, असं मी चाचरत सांगायला लागलो. भोवती माणसं जमली. व्यापारी अजिबात चिडला नाही.

"सौदा झाला की पावणं. आता शब्द फिरवायचाय व्हय?"

हो म्हटलं असतं तर म्हैस सुटली असती. पण तिच्यासोबत माझा सगळा सिद्धांतही सुटून गेला असता, आणि तोही माझ्याच हातून.

"न्हाय," मी म्हणालो, आणि तिथंच फोनवरून पैसे पाठवले. खरं सांगतो, डॉक्टरेट मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. अखेर पुरावा सापडला होता, आणि तोही शिंगांसकट.

लगेच बायकोला फोन लावला. आधी सिद्धांत सांगितला, मग म्हैस.

"म्हशीला लिफ्टनं वर पाठवा," ती म्हणाली. "तुम्ही खाली पार्किंगमध्ये राहा."