दाराबाहेरचं पासवर्ड रजिस्टर

शाळेत कॉम्प्युटर रूमची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे किस्से आपोआप साठत जातात राव! किन्हवलीजवळच्या हायस्कुलात दोन हजार पाचच्या आसपास ती किल्ली माझ्याकडे होती. शिकवायचो गणित. पण ठाण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो आणि एकदम 'संगणक प्रमुख' झालो! तुम्ही खुशाल हसा. मला मात्र सांगताना अजून लाज वाटते.

* * *

पहिल्याच तासाला फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'पासवर्ड कोणालाही सांगू नये.' नववीच्या पोरांना ईमेल उघडून दिले, प्रत्येकाने आपापला पासवर्ड ठेवला.

संध्याकाळी हेडसर म्हणाले, "उद्या पोरं विसरली तर? रेकॉर्ड कुठंय?"

झालं! मी लगेच रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, नाव, पासवर्ड, सही. खाली लाल पेनाने माझा शेरा, 'तपासले.' शिक्षकांची नावंही त्यातच. आणि विसरल्यावर कोणालाही चटकन बघता यावं म्हणून ते दाराबाहेर खिळ्याला सुतळीने टांगलं!

* * *

चित्रकलेच्या बाई रोज पासवर्ड विसरायच्या. एकदा आतून ओरडल्या, "अहो सर, माझा पासवर्ड काय हो?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खी नववी एका सुरात पासवर्ड ओरडली!

बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती हुशार झालीत हो पोरं!" मीही मान डोलावली.

* * *

एकदा मेल आला, 'देवीचा हा निरोप एकवीस जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल.' मी तो पोरांना दाखवून बजावलं, "असल्या मेलना भुलायचं नाय. सरळ डिलीट!"

पोरं घरी गेली. मग मी दार लोटून घेतलं आणि गुपचूप एकवीस जणांना पाठवला. बायकोचे दिवस भरत आले होते हो, उगाच रिस्क कशाला! एकवीस नावं भरेनात, म्हणून शेवटची चार नववीच्या पोरांची घातली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची संगीता उठली. वाडीवरून दीड तास चालत येणारी पोर. म्हणते, "सर, तुमचा देवीचा मेल आला होता. मी डिलीट केला हां!"

तेव्हा कुठं तोंड लपवू असं झालं मला.

* * *

मुरबाडला शिक्षकांच्या मीटिंगमध्ये 'संगणकाचा सुरक्षित वापर' यावर बोलायला कोणाला बोलावलं? मलाच! मी रजिस्टर पिशवीत घालून एसटीने नेलं आणि नमुना म्हणून सगळ्यांत फिरवलं.

वैशाखऱ्याच्या एका सरांनी उभं राहून विचारलं, "पण यात सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना दिसतात ना?"

मी ठणकावून म्हणालो, "म्हणूनच शेवटच्या रकान्यात सही घेतलीय!"

टाळ्या पडल्या. दोघातिघांनी तर रकाने वहीत उतरवून घेतले.

* * *

आता हा शेवटचा. हा मी बायकोलाही सांगितलेला नाही.

संगीताच्या ईमेलवरून हेडसरांना मेल आला, 'तुम्ही इतिहासाच्या तासाला घोरता. लाज वाटत नाही का?' घोरायचे ते, अगदी खरं. पण हेडसर संतापले. "हिचा दाखला देऊन टाका हातात!"

संगीता रडत म्हणाली, "मी नाय पाठवला, सर."

मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो, "पासवर्ड तुझा, म्हणजे मेल तुझाच! उद्या वडिलांना घेऊन ये!"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. कॉम्प्युटर रूमच्या दाराशी चपला काढून, हात जोडून उभे राहिले. "गुरुजी, चुकली आसंल तर मारा तिला, पन दाखला नका देऊ. आमच्या वाडीतली नववीला आलेली ही एकलीच पोर हाय."

मी म्हणालो, "मग तिलाच विचारा, पासवर्ड कोणाला सांगितला होता."

"सांग गो, कोनाला सांगितलास?"

संगीता खाली बघत म्हणाली, "कोणालाच नाय, बाबा. फक्त सरांना."

वडील माझ्याकडे वळले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या खांद्यामागेच रजिस्टर लटकत होतं. अगदी साध्या चेहऱ्याने त्यांनी विचारलं,

"गुरुजी, मंग तुमी कोनाला सांगितलात काय?"